भिंतीवरचं व्हिएन्ना

आमच्या घरात व्हिएन्ना पश्चिमेच्या भिंतीवर होतं, पत्र्याच्या पेटीच्या वर, आणि पावसाळ्यात त्याला ओल यायची. छावणीच्या कडेला आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, खाली दादांची लोखंडी खाट, खाटेखाली सगळ्यांच्या चपला आणि समोर ही भिंत. दादा म्हणजे माझे वडील. ते वेरूळ-अजिंठ्याचे गाईड होते, जर्मन बोलणाऱ्या पाहुण्यांचे. पाहुण्यांनी धाडलेली पोस्टकार्डं त्यांनी भिंतीवर खिळ्यांनी ठोकली होती आणि त्यातली बहुतेक ऑस्ट्रियाच्या राजधानीची, तिथल्या जुन्या गावठाणातली होती. मधोमध सेंट स्टेफानचं मोठं चर्च. त्याच्या उजव्या हाताला हिरव्या घुमटाचं सेंट पीटर, खाली प्लेगचा खांब, डावीकडं ‘काठावरची मारिया’ हे नदीकाठचं चर्च आणि अगदी तळाला, पेटीला टेकून, वेलींनी झाकलेलं सेंट रुपरेख्ट, तिथलं सगळ्यात जुनं आणि बुटकं. कुठलं कार्ड कुठं लागायचं हे आमच्या भिंतीनं ठरवलं होतं, कारण जिथला गिलावा भुसभुशीत नव्हता तिथंच खिळा धरायचा. पण लहानपणी मला पक्कं वाटायचं की ते गाव असंच वसलेलं आहे. स्टेफानच्या दारातून निघून डावीकडं वळलं की काठावरची मारिया, आणि खाली उतरलं की रुपरेख्ट.

दादांनी व्हिएन्ना कधी पाहिलं नव्हतं. मुंबईच्या पुढं ते गेलेच नाहीत. पण त्यांची कामाची रीत निराळी होती. दुसरे गाईड लेण्यात शिरले की राजांची नावं आणि शतकं सुरू करायचे आणि पाहुणे जांभया आवरत माना हलवायचे. दादा आधी विचारायचे, तुमच्या गावात मोठं चर्च कोणतं? तिथं लहानपणी गेला होतात का? आत गारवा असतो का? पाहुणा खुलायचा, सांगत सुटायचा. मग त्याच्याच चर्चचं बोट धरून दादा त्याला आमच्या लेण्यात आणायचे. ‘तुमच्या स्टेफानमध्ये दगडाच्या फासळ्या वर जाऊन मिळतात ना? इथंही वर बघा. पण तुमच्या लोकांनी दगडावर दगड चढवला आणि आमच्या लोकांनी डोंगरातून दगड काढून टाकला. तुम्ही भरत गेलात, आम्ही रिकामं करत गेलो.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे आणि पुढं स्वतः इतक्या वेळा म्हटलं आहे की आता लिहिताना हाताला कंटाळा येतो. पण खरं सांगायचं तर त्याहून बरं वाक्य मला नंतरही सुचलं नाही.

या रीतीसाठी पाहुण्यांची गावं माहीत असावी लागत. ती सगळी माहिती पाहुण्यांकडूनच मिळायची, आणि सगळ्यांत जास्त दिली ती लाइटनरबाईंनी. व्हिएन्नाच्या होत्या, उंच, सुरकुतलेल्या, उन्हानं नाक लाल झालेल्या. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा दादांनी त्यांना कैलास लेणं दाखवता दाखवता त्यांच्या चर्चबद्दल इतकं विचारलं की शेवटी बाई म्हणाल्या, गाईड मी आहे की तुम्ही? परत गेल्यावर त्यांनी चित्रांचं जाडजूड पुस्तक धाडलं आणि मग दरवर्षी कार्डं. आमच्या घरी त्या पुस्तकाला मळकट हात लावायची कुणाची छाती नव्हती.

संध्याकाळी, पाहुण्यांचा हंगाम नसला की, दादा सराव करायचे. छावणीतल्या दगडी चर्चची घंटा वाजून गेलेली असायची, लष्कराचा बिगूल झालेला असायचा, मशिदीची बांग व्हायची आणि आमच्या घरात स्टोव्हचा फरफर आवाज सुरू असायचा. मी आणि माय पाहुणे व्हायचो. माय भाकरी थापता थापता पाहुणी. ती मनपाच्या शाळेत शिपाई होती, दिवसभर उभी राहून पायांना सूज यायची, आणि घरी आल्यावर हे नवऱ्याचं व्हिएन्ना. दादा हातात लाटणं धरून भिंतीपुढं उभे राहायचे आणि आधी जर्मनमध्ये, मग आमच्यासाठी मराठीत सांगायचे. स्टेफानच्या छपरावर रंगीत कौलं आहेत, सतरंजीच्या पट्ट्यांसारखी. त्याचा एक मनोरा पूर्ण झाला, दुसरा अर्धाच राहिला.

“गुत्तेदार पळून गेला आसंल,” माय तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची.

“आगं, त्येंचं काय गुत्तेदाराचं काम हाय का? शंभर शंभर वर्सं काम चालायचं.”

“मंग तर पळालाच आसंल.”

कापुचिनर चर्चच्या तळघरात राजे-राण्या धातूच्या पेट्यांत ठेवल्या आहेत आणि लोक तिकीट काढून बघतात, हे तिला अजिबात पटायचं नाही. मेलेल्याला असं मांडून ठेवायचं का, म्हणायची. प्लेग सरला म्हणून राजानं खांब उभारला, हे ऐकून म्हणाली, “आपन मरीआई सोडून दिली, त्यांनी तिला दगडाची केली.” तिला आवडायचं फक्त रुपरेख्ट, कारण ते बुटकं होतं आणि मिठाच्या व्यापाऱ्यांचं होतं. मला आवडायचा तो पाथरवट. स्टेफानच्या आत प्रवचनाची दगडी जागा आहे, जिन्याच्या कठड्यावर बेडूक आणि सरडे कोरलेले, आणि खाली छोट्या दगडी खिडकीतून एक माणूस डोकावतो. कोरणाऱ्यानं आपलाच चेहरा तिथं ठेवला, असं सांगतात. दादा म्हणायचे, बघ सुजा, त्यांच्या पाथरवटानं तोंड ठेवलं. आपल्या एकाचंही तोंड डोंगरात नाही.

आता माझे गुडघे गेले आहेत. दादांच्या मागं मीही तेच काम केलं, कैलासाच्या कडेची चढण आणि अजिंठ्याच्या पायऱ्या यांनी माझी हाडं खाल्ली. शहराचं नाव बदललं, बसगाड्या वातानुकूलित झाल्या, पाहुण्यांच्या कानात यंत्रं आली, आणि कुणी काही विचारेनासं झालं. माणूस एकच गोष्ट जन्मभर सांगत राहिला की शेवटी ती त्याच्या तोंडातून आपोआप पडते, नळातून पाणी पडावं तशी. मी थकले आहे हे सांगायला मला लाज वाटत नाही. म्हणूनच ही एवढी गोष्ट लिहून ठेवते आहे, कारण ही मी कुठल्याही पाहुण्याला सांगितलेली नाही.

वेरूळला दहा नंबरचं लेणं आहे, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. आत दगडाच्या छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत आणि समोर स्तूपाला पाठ लावून बुद्ध पाय खाली सोडून बसला आहे. तिथला आवाज काही और आहे. साधं खोकलं तरी दगड ते उचलतो आणि वरच्या फासळ्यांतून फिरवून आणतो. बहुतेक गाईड तिथं आवाज दाखवतात. कुणी टाळी वाजवतं, कुणी ओम म्हणतं. दादा ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणायचे. त्यांचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला होता. तो आवाज छताला जाऊन परत यायचा तेव्हा पाहुण्यांच्या अंगावर काटा यायचा, मग टाळ्या, मग फोटो. आणि यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं भांडण होतं.

कारण माय आमच्या वस्तीतल्या विहारात बायकांची वंदना घ्यायची. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून ती पुढं बसायची आणि तिच्यामागं सगळ्या बायका म्हणायच्या. तिच्या आईबापांनी दीक्षा घेतली तेव्हा ती कडेवर होती. त्या तीन ओळींसाठी घरानं आणि गावानं काय सोसलं होतं ते तिनं ऐकलेलं होतं. त्या ओळी पाहुण्यांना आवाजाचा नमुना म्हणून ऐकवायच्या, हे तिच्या जिवाला लागायचं.

“वंदना म्हंजे काय तमाशा हाय का?” ती म्हणायची. “म्हनायची तर बसून म्हना, हात जोडून म्हना. त्ये टाळ्या वाजवतेत आन तुमी मान डोलावता.”

“मी तमाशा नाय करत,” दादा म्हणायचे. “आगं, त्या लोकाला वाटतंय ही लेनी म्हंजे रिकामी पडलेली जागा हाय. कुनाचीच नाय. मी म्हनलो की त्येंला कळतंय, हितं अजून कुनीतरी राहतंय.”

“राहतंय तर टाळ्या कामून?”

 दादा बाहेर जाऊन विडी ओढायचे. मी कुणाच्या बाजूनं होते? खरं तर त्या वयात मला दोघांचा सारखाच कंटाळा यायचा. माय चिडली की त्या दिवशी येसरची आमटी तिखटजाळ व्हायची आणि दादा डोळ्यांतून पाणी काढत ती ओरपायचे. दुसऱ्या दिवशी समजूत घालायला गुलमंडीवरून इमरती यायची.

मग दादांचा आवाज बसायला लागला. आधी वाटलं, धुळीनं. मग वाटलं, विडीनं. माय सुंठ, मिरे, ज्येष्ठमध आणि गूळ घालून काढा करायची, दादा नाक मुरडून प्यायचे, पण आवाज उतरतच गेला. बसमध्ये त्यांना माईक पुरेनासा झाला. सरकारी दवाखान्यात नळी घालून बघितलं तेव्हा घशात गाठ निघाली. डॉक्टर चांगले होते, त्यांनी घोळ घातला नाही. म्हणाले, गाठ काढावी लागेल आणि तिच्याबरोबर आवाज जाईल. जीव वाचेल. तोवर बोलू नका. दादांनी मान हलवली. बाहेर पिंपळाच्या पारावर बसल्यावर त्यांनी मला कुजबुजत विचारलं, “लाइटनरबाईचा ग्रुप कवा येतो?”

त्या वर्षी लाइटनरबाई आपल्या चर्चमधली माणसं घेऊन येणार होत्या, सगळी व्हिएन्नाची. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात. सहलीच्या कंपनीच्या माणसानं दुसरा गाईड देतो म्हटलं तर दादांनी हातानंच नाही म्हणून सांगितलं. बाईंनी दादांनाच मागितलं होतं, तेव्हा त्यानं ताणून धरलं नाही. माझी पोरगी बोलेल, मी सोबत राहीन, असं ठरलं. मी तेव्हा कॉलेजात होते. जर्मन मला येत होतं म्हणजे काय, तर भिंतीपुढचं सगळं पाठ होतं. त्याच्या बाहेरचं कुणी विचारलं असतं तर माझी बोबडी वळली असती. पण दादांना काय हवं होतं ते मला आणि मायला दोघींनाही कळलं होतं. त्यांना बोलायचं नव्हतं. त्यांना दहा नंबरच्या लेण्यात एकदा, शेवटचं, ‘बुद्धं सरणं’ म्हणायचं होतं. त्यासाठी त्यांनी घरात तोंड उघडायचं बंद केलं. उरलेला आवाज साठवून ठेवत होते. खुणा करून चहा मागायचे, बोटानं भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगायचे. घर इतकं गप्प झालं की पोस्टकार्डांच्या मागं पाल हलली तरी ऐकू यायची. आणि जिला ते म्हणणं मान्य नव्हतं ती माय दिवसातून कितीदा तरी काढा उकळत होती. मला तेव्हा तिचा फार राग आला होता आणि फार मायाही आली होती. दोन्ही एकदमच.

त्या सकाळी मायनं शाळेत रजा टाकली. थर्मास काखेत मारून ती बसपाशी येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती दादांच्या कामावर कधी आली नव्हती. दादांनी भुवया उंचावल्या. माय म्हणाली, “काढा कोन पाजील? ही भवानी तर बोलन्यात गुंतल.” लाइटनरबाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि तिला आपल्या शेजारी खिडकीपाशी बसवलं. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं एक अक्षरही समजत नव्हतं. सारा रस्ता माय तिला बाहेरची कपाशी दाखवत होती आणि बाई त्यांच्या भाषेत ‘या, या’, म्हणजे हो, हो, म्हणत होत्या.

कैलास लेण्यात माझं बरं चाललं. दादा पुढं चालायचे, जिथं थांबायचं तिथं थांबायचे, टॉर्चचा उजेड टाकायचे आणि मी बोलायचे. धीर आला आणि जीभ जरा सैल सुटली. कडेच्या ओवरीत उभं राहून मी भिंतीवरचं व्हिएन्नाच त्यांना ऐकवायला लागले. तुमच्या स्टेफानच्या दारातून निघून डावीकडं वळलं की लगेच काठावरची मारिया, आणि तिच्या पायऱ्यांना होड्या बांधतात, तशाच या ओवऱ्या म्हणजे... पुढं मला बोलता आलं नाही, कारण सगळी माणसं हसत होती. वाईट हसू नव्हतं ते, पण माझे कान तापले. लाइटनरबाई जवळ आल्या आणि हळू, सोप्या शब्दांत म्हणाल्या, “पोरी, तिथं आता नदी नाही. ती केव्हाच दूर गेली. तुमच्या कार्डावर जुनं चित्र आहे. आणि डावीकडं वळून ते चर्च येत नाही, बरंच चालावं लागतं.” मी दादांकडं बघितलं. त्यांचे खांदे हलत होते. आवाज न करता ते पोट धरून हसत होते. इतक्या वर्षांत एकाही पाहुण्यानं त्यांची चूक काढली नव्हती, की काढली होती आणि त्यांनी आम्हाला सांगितली नव्हती, कोण जाणे. त्यांना तसं हसताना बघून मला रडू आलं, आणि ते लपवायला मी टॉर्च मागून घेतला.

दहा नंबरला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. वरच्या कमानीच्या खिडकीतून उजेडाचा पट्टा आत आला होता. मी फासळ्यांचं वाक्य म्हटलं, तुम्ही भरत गेलात, आम्ही रिकामं करत गेलो. माणसांनी माना वर केल्या. मायनं दाराबाहेर चपला काढल्या होत्या आणि ती खांबाआड उभी होती, थर्मास धरून. दादांनी तिच्याकडून झाकणभर काढा घेतला, हळूहळू प्यायला, झाकण परत दिलं. मग ते बुद्धासमोर जाऊन उभे राहिले. मी पाहुण्यांना सांगितलं की आता माझे वडील तुम्हाला या दगडाचा आवाज ऐकवतील. लाइटनरबाईंनी आपल्या लोकांना हातानं गप्प केलं. एका म्हाताऱ्यानं कॅमेरा वर केला.

दादांनी तोंड उघडलं. घशातून फाटक्या कापडासारखा आवाज निघाला आणि तिथंच विरला. त्यांनी मान ताठ केली. पुन्हा तोंड उघडलं. या वेळी तेवढंही नाही. त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. जो दगड खोकला परत देतो त्यानं काहीच परत दिलं नाही, कारण त्याला काही मिळालंच नव्हतं. दादांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणावं असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मला येत होतं, जन्मापासून येत होतं. पण खांबाआड माय उभी होती. मी म्हटलं तर तो तमाशा, नाही म्हटलं तर दादांचं सगळं संपलं.  पाहुणे अवघडून बूट सरकवायला लागले.

मायनं थर्मास खाली ठेवला. तो दगडावर टेकल्याचा आवाज सबंध लेण्यात फिरून आला. तिनं डोक्यावर पदर घेतला, पाहुण्यांमधून वाट काढत पुढं गेली आणि दादांच्या शेजारी गुडघे टेकून बसली. आमच्याकडं तिची पाठ होती. हात जोडले आणि तिनं सुरुवात केली, अगदी सुरुवातीपासून, ‘नमो तस्स’पासून. विहारात म्हणते तशीच, ना चढवून ना ओढून. दादांना तिच्या शेजारी बसायला थोडा वेळ लागला. मग मीही जाऊन बसले. माय दादांच्या त्या तीन ओळींवर थांबली नाही. त्रिसरण झालं, पंचशील झालं, प्रत्येक शील तिनं पूर्ण म्हटलं आणि दगडानं प्रत्येक ओळ वर नेऊन आमच्यावर परत सोडली. दादांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मी त्यांच्या इतक्या जवळ होते की त्यांचा श्वास ऐकू येत होता, शब्द नाही. पण डोळे मिटले तर त्या घुमण्यात कुणाचा आवाज आहे आणि कुणाचा नाही हे कळत नव्हतं. मी मुद्दाम डोळे मिटूनच ठेवले.

‘साधु, साधु, साधु’ झालं आणि आम्ही वाकलो. मागं कुणीतरी टाळीसाठी हात जुळवल्याचा बारीक आवाज आला आणि लगेच थांबला. वळून बघितलं तर लाइटनरबाईंनी त्या माणसाचा हात धरून ठेवला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या कॅमेऱ्याचं भिंग झाकलं होतं. सगळी माणसं डोक्यावरच्या टोप्या काढून उभी होती. दादा दरवेळी त्या ओळींचा जर्मनमध्ये अर्थ सांगायचे, तो त्या दिवशी कुणी सांगितला नाही. कुणी मागितलाही नाही.

 घरी आल्यावर मायनं पिठलं टाकलं, भाकऱ्या केल्या. दादा भिंतीकडं तोंड करून बसले होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “माय, तू तर म्हणायचीस, त्यांना दाखवायचं नाही.”

“म्या कुठं दाखवलं?” ती पिठल्यात डाव फिरवत म्हणाली. “म्या म्हनलं. त्ये तिथं व्हते, त्येला म्या काय करू?”

दादांनी तिच्या ताटात आपल्या ताटातली हिरवी मिरची ठेवली. ती तिला आवडायची.

ऑपरेशन झालं. दादा त्यानंतर बरीच वर्षं जगले, मानेत भोक आणि गळ्याभोवती पांढरा रुमाल घेऊन. परीक्षा देऊन मी गाईडचा परवाना काढला. लाइटनरबाईंनी सांगितल्याप्रमाणं कार्डं काढून नीट जागी लावू या, असं मी एकदा म्हटलं तर दादांनी लाटणं उगारलं. गेले तेव्हाही भिंत तशीच होती. माय त्यांच्यामागं फार दिवस राहिली नाही. दहा नंबरच्या लेण्यात मी पाहुण्यांसाठी वंदना कधीही म्हटली नाही. मी त्यांना सांगायचे, तुमचं काहीतरी म्हणा. ते लाजत, मग कुणीतरी आपल्या चर्चमधलं काही गायचं, आणि दगड तेही तसंच उचलून परत द्यायचा. आमच्या वस्तीतल्या काहींना हे आवडलं नाही, पाहुण्यांना मात्र फार आवडलं. मला स्वतःला काय वाटायचं, तर बहुतेक वेळा पाय दुखतात एवढंच वाटायचं.

माझी लेक प्रज्ञा आता व्हिएन्नात नोकरी करते. मी तिथं जायचं टाळत होते. एवढ्या वर्षांनी काय बघायचं, आणि ज्यांनी बघायचं ते गेले. यंदा तिनं तिकीटच काढलं. ती कामाला गेल्यावर मी एकटीच बाहेर पडले, भिंत डोक्यात धरून. स्टेफानच्या दारातून डावीकडं वळले आणि चुकले. दोनदा विचारून, बरंच चालून काठावरची मारिया सापडली. खाली खरोखरच पाणी नाही, जिना उतरून गेलं की साधी गल्ली. जिथं होड्या बांधायच्या तिथं मोटारी उभ्या होत्या. पीटरचा घुमट हिरवा आहे, तेवढं बरोबर निघालं. रुपरेख्ट मायला आवडलं तसंच बुटकं आहे. प्लेगच्या खांबाखाली लोक आइस्क्रीम खात होते. गुडघे बोंबलायला लागले तेव्हा मी परत स्टेफानला आले, निदान बसायला तरी मिळेल म्हणून.

आत दोरी लावली होती आणि दोरीपाशी माणूस उभा होता. त्यानं माझ्याकडं, माझ्या साडीकडं, पायातल्या मोठ्या बुटांकडं बघितलं आणि विचारलं, प्रार्थनेला आलात की बघायला? माझी जर्मन आता बरी आहे, प्रश्न सोपा होता. तरी मला उत्तर देता येईना. आमच्या घरात याच प्रश्नावरून किती आमट्या तिखट झाल्या ते त्याला कसं सांगणार? मागं रांग होती. मी म्हटलं, बघायला. त्यानं तिकिटाची खिडकी दाखवली.

पाथरवट आहे. दगडी खिडकीचं दार अर्धं उघडून तो बाहेर बघतो आहे, आणि तोही थकलेला दिसतो, हे मला कुठल्या कार्डावर दिसलं नव्हतं. मी त्याच्यासमोरच्या बाकावर बसले. वर बघितलं. फासळ्या वर जाऊन मिळत होत्या. आत गारवा होता. दादा, मी मनात म्हटलं, गारवा असतो. मग बुटांचे बंद सोडले, बूट बाकाखाली सरकवले, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. ‘नमो तस्स’ म्हणताना माझा आवाज आधी फाटला. म्हातारपणाचा आवाज, दुसरं काय. पण मी सुरुवातीपासून म्हटलं, हळूच, शेजारच्यालाच ऐकू जाईल इतकं.

तिसऱ्या शीलापाशी होते तेव्हा मागं पावलं थांबली. कुणीतरी गाईड, छत्री उंच धरलेली, मागं तिचे पाहुणे. तिनं आवाज खाली आणला आणि त्यांना म्हणाली, इथं अजून लोक प्रार्थना करतात, जरा शांत राहा. पाहुणे गप्प झाले. एकानं फोन वर केला. मला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता.

मी थांबले नाही. मी त्यांना दाखवत नव्हते. मी म्हणत होते. ते तिथं होते, त्याला मी काय करू?